दोन तटांच्या मधली माणसं

डीमन,
९ एप्रिल २०२४

प्रिय चंद्रशेखर,

धम्… धम्… धम्.

नववी 'ब'ची चाळीस पोरं एकदम बाकांवर मुठी आपटायची, तो आवाज आठवतो का रे? तुझा रोमन वेढ्याचा धडा रंगात यायचा आणि मधल्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी नववी 'अ'ला कविता चालीवर म्हणून दाखवत असायचो. तू ओरडायचास, "हाणा! मेंढा तटावर आदळतोय!" आणि माझ्या कवितेतली नदी तिथल्या तिथं आटायची. मेंढा म्हणजे टोकाला लोखंडी डोकं बसवलेला भला थोरला ओंडका, हे मला कवितेच्या मास्तराला तुझ्यामुळे कळलं. मधल्या सुट्टीत मी तक्रार घेऊन यायचो, "चंदू, माझ्या कवितेला तडे जातात." तू डबा उघडत म्हणायचास, "तडे गेले म्हणजे तट कच्चा होता."

अठरा वर्षांनी लिहितोय. कारण सांगतो.

मी सध्या आशुतोषकडे आहे, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये. परवा रविवारी त्यानं आणि सूनबाईनं, सुनीतीनं, मला उत्रेख्तजवळ एक जुनं रोमन ठाणं दाखवायला नेलं. लाकडाचा आणि मातीचा तट पुन्हा उभारलाय तिथं. मी तटाला हात लावून उभा राहिलो तर सुनीती म्हणाली, "बाबा, तट बघा हवा तेवढा, पण आधी सायकलच्या रस्त्यावरून बाजूला व्हा, कोणीतरी उडवेल." परत आल्यावर आशुतोषच्या एका पुस्तकात वेढ्याचं चित्र सापडलं. टेकडीवर गाव. गावाभोवती रोमनांचा तट. आणि त्या तटाभोवती, बाहेरून, आणखी एक तट. एकाचं तोंड आत, दुसऱ्याचं बाहेर. हे काय गौडबंगाल आहे? वेढा घालणाऱ्याला स्वतःलाच दोन भिंती कशाला लागतात?

आशुतोष म्हणतो, मोबाइलला विचारा, क्षणात सांगेल. मोबाइल काय, कुणालाही सांगतो. मला तुला विचारायचं होतं.

मला इथं नव्वद दिवस राहता येतं. परतीचं तिकीट २९ जूनचं. आर्नहेम इथून गाडीनं सव्वा तासावर आहे, हे स्टेशनवरच्या पाटीवरून कळलं. मी कुणाला विचारलेलं नाही. तुझा राजानंद आणि माझी वैदेही तिथं राहतात हे ठाऊक आहे. तुझी नात तेजल चौदा वर्षांची झाली असेल. आशुतोषसमोर वैदेहीचं नाव घ्यायचं नाही असा दंडक मीच घातला होता. तो अजून पाळतो, शहाणा.

असो. तटाचं तेवढं कळव.

तुझा
प्रकाश

*

दापोडी, पुणे
२४ एप्रिल २०२४

प्रिय प्रकाश,

सप्रेम जयभीम.

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि शांताला म्हणालो, "फळा पुसायचा राहिला होता वाटतं." माझं अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन बरं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पाच मार्कांत. अलेसिया नावाचं गाव होतं, गॉल लोकांचं, आजच्या फ्रान्समध्ये. रोमन सेनापती सीझरनं त्याला वेढा घातला. आतला तट, तोंड गावाकडे: गावातलं कुणी बाहेर पडू नये म्हणून. बाहेरचा तट, तोंड रानाकडे: गावाला सोडवायला येणारे मागून तुटून पडू नयेत म्हणून. फौज राहिली दोहोंच्या मध्ये. म्हणजे वेढा घालणारा स्वतःही वेढ्यात. ही गंमत पोरांना सांगितली की ती खूश व्हायची. मोठ्या माणसांना सांगितली की गप्प होतात.

मेंढ्याचा एक नियम तुला कविता म्हणण्याच्या नादात कधी ऐकू आला नसेल. सीझरनं एका गावाला निरोप धाडला होता: मेंढा तटाला लागण्याआधी शरण आलात तर जीवदान. एकदा लागला की मग कसलीही बोली नाही.

आता तुला एक प्रश्न. तुझ्या चिंचवडच्या घरी मी तीस वर्षं येत होतो. तू माझ्या डब्यातली शांताची भाकरी खायचास, माझ्या आजारपणात माझे पेपर तपासायचास. पण तुझ्या घरात बाहेरच्या खोलीच्या आत माझं पाऊल कधी पडलं नाही. तू कधी अडवलं नाहीस. मीही कधी टाकलं नाही. तो तट कुणी बांधला? इतिहासाच्या मास्तरला उत्तर आलेलं नाही.

आणि तू "तुझी नात" असं लिहिलंस. वाचून पेन खाली ठेवलं.

तट बघायचाच असेल तर उत्रेख्त कशाला, आर्नहेमला जा. तिथं नदीकाठच्या कुरणात रोमन ठाणं होतं. भिंतीच्या जागा तारेच्या जाळीत दगड भरून दाखवल्या आहेत. राजानंदनं फोटो पाठवला होता. रविवारी अकराच्या सुमाराला तिथं ऊन चांगलं असतं म्हणे.

तुझा
चंद्रशेखर

*

डीमन,
८ मे २०२४

प्रिय चंदू,

पत्र मिळालं. खरं सांगू? चार वेळा वाचलं आणि चारही वेळा थंडी वाजली. अठरा वर्षांनी मी हात पुढे केला आणि तू हातावर इतिहासाचं गाईड ठेवलंस. भिंती, मार्क, ऊन. "कसा आहेस" एवढंही नाही. चूक माझी असेल. माझीच आहे. पण तू एकदा रागावला असतास तर बरं वाटलं असतं.

आर्नहेमला जा म्हणतोस. दगड बघायला सव्वा तास जाऊ? दगड काय, आपल्याकडे कमी बघितले? मला जिथं जायचं आहे तिथं तू बोलावल्याशिवाय कसा जाऊ? जुन्या वळणाचा माणूस आहे मी. मुलगी दिलेल्या घरी बाप आपणहून जाऊन उभा राहत नाही. व्याह्यानं "या" म्हणावं लागतं. आमच्या वडिलांनी तर माझ्या बहिणीच्या घरचं पाणीही तिला मूल होईपर्यंत घेतलं नव्हतं. तू हसशील. म्हणशील, मुलगी 'दिली' कधी होतीस? बरोबर आहे. नव्हती दिली. तुझ्याकडची लग्नाची पत्रिका मी न उघडता परत पाठवली होती. पाकिटावर तुझंच अक्षर होतं, सुबक, फळ्यावर लिहायचास तसं.

तुझ्या बाहेरच्या खोलीच्या प्रश्नावर मी दोन रात्री झोपलो नाही. उत्तर मला येतं, लिहायला लाज वाटते.

त्या अलेसियाचं पुढचं मला आठवतंय. गावात धान्य संपलं आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं तटांच्या मध्ये येऊन पडली. रोमनांपुढे हात जोडले, गुलाम करा पण खायला द्या. रोमनांनी पहारे बसवले आणि एकालाही घेतलं नाही. तू हे सांगितलंस तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडलो होतो आणि तू म्हणाला होतास, "याला कुणीतरी चहा द्या, दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक मेलेत." कसले निर्दय लोक रे ते! मी त्यांना आजही क्षमा करू शकत नाही.

जयंती असती तर ती केव्हाच आर्नहेमला गेली असती. मला न विचारता. सात वर्षं झाली तिला जाऊन. तिच्याबद्दल एक गोष्ट तुला सांगायची आहे. या पत्रात होत नाही.

मेंढा केव्हाच लागलाय ना रे तटाला? तसं असेल तर सांगून टाक. नसेल, तर एकदाच "या" म्हण.

तुझा
प्रकाश

*

दापोडी,
२३ मे २०२४

प्रिय प्रकाश,

जयभीम. हाताला मुंग्या येतात म्हणून शांता लिहून घेतेय. शुद्धलेखन तिचं, मार्क कापू नकोस.

एक. मेंढ्याचा नियम जिंकायला निघालेल्यांचा असतो. घरातल्यांना तो लागू नाही. एवढंही तुला कळू नये म्हणजे तू खरोखरच कवितेचा मास्तर.

दोन. तू रोमनांवर रडलास. तेव्हाही रडलास, आजही. पण धडा नीट ऐकलाच नाहीस, तुझं लक्ष तुझ्या नदीत. ती बायका-पोरं तटांच्या मध्ये आली कशी? आकाशातून पडली? त्यांना त्यांच्याच गावातल्या माणसांनी दार उघडून बाहेर काढलं, प्रकाश. आपल्या माणसांनी. आतलं धान्य लढणाऱ्यांना पुरावं म्हणून. रोमनांनी घेतलं नाही ते नंतर. "हे वाक्य कोणी कोणास म्हटले" असा प्रश्न आयुष्यभर घातलास; आधी दार कुणी लावलं, हा घातला नाहीस.

तीन. मी "या" म्हणणार नाही. राग म्हणून नव्हे. माझ्या घराला तुझ्यासाठी कधी कडी नव्हती, मग उघडू काय? तुझी लेक तुझ्या दारातून गेली. माझ्या आमंत्रणानं ती तुला परत मिळाली असं व्हायला नको. ते तुझ्या पायांनी व्हायला हवं.

चार. त्या दगडांपाशी जाऊन ये. रविवारी. प्रश्न विचारू नकोस.

तब्येत ठीक आहे. आंबे यंदा महाग आहेत, शांता हापूसऐवजी पायरी आणते आणि सांगत नाही. (हे मी लिहायचं नाही म्हटलं होतं, तरी लिही म्हणाले. — शांता)

तुझा
चंद्रशेखर

*

डीमन,
१० जून २०२४

प्रिय चंदू,

काल गेलो.

तुझं पत्र ३ तारखेला मिळालं आणि आठवडाभर उशाशी होतं. रविवार उजाडला तरी बूट घालायला मला तासभर लागला. आशुतोषला सांगितलं, रोमन ठाणं बघायला जातो. तो म्हणाला, "एकटे? आर्नहेमला?" आणि माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं त्याचं प्रवासाचं कार्ड माझ्या खिशात घातलं.

स्टेशनवरून टॅक्सी केली. नदीचा पूल ओलांडला की कुरणं लागतात. घोडे मोकळे चरत होते. जाळीतले दगड गुडघ्याएवढे. भिंत कसली, भिंतीची आठवण. मी एका बाजूला बसलो. ऊन खरंच चांगलं होतं. साडेदहा ते दीड बसलो. कुत्रं फिरवायला आलेली एक बाई, दोन सायकलवाले. बाकी कुणी नाही. खुळा मी, येताना पूर्ण वाटेत मनात काय काय रचत आलो होतो ते तुला सांगत नाही. तू काही कबूल केलं नव्हतंस. मीच ओळींच्या मध्ये वाचत होतो, सवय जुनी.

पण तिथं बसून मला ते सांगता येईल असं वाटलं, म्हणून सांगतो.

जयंती दवाखान्यात होती तेव्हा तिनं तीनदा म्हटलं, "आपल्या वैदूला बोलवा." मी तीनदा म्हटलं, "उद्या." तिसऱ्या उद्याला पहाटे ती गेली. आशुतोष फोन हातात घेऊन उभा होता. मी त्याला म्हणालो, सगळं झाल्यावर कर. अग्नी देऊन आल्यावर कर. त्यानं तसंच केलं. वैदेही मिळेल त्या विमानानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. गल्लीत उभी राहिली. एक हाक मारली. मी आत होतो. कडी आतून होती. उठलो नाही. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही, कारण मी घड्याळाकडेही बघितलं नाही. त्या दिवसापासून ती आशुतोषशी बोलत नाही, आणि आशुतोष माझ्याशी बोलतो पण बोलत नाही.

गावातल्यांनीच बाहेर काढलं म्हणालास. हो. मीच.

तुझ्या बाहेरच्या खोलीचंही लिहितो. तो तट मी बांधला नाही, माझ्या आधीपासून होता. पण तीस वर्षं मी त्याची डागडुजी केली. रोज, न चुकता. तू समोर बसलेला असताना. तू मित्र होतास म्हणून ती जास्त वाईट गोष्ट आहे.

आता तू काहीही लिही. शिव्या दे. पण "तुझा चंद्रशेखर" एवढं खाली असू दे.

प्रकाश

*

दापोडी,
१४ जून २०२४

प्रकाशभाऊजी,

जयभीम.

हे ४ तारखेला सकाळी गेले. तुम्हाला फोननं कळवायला हवं होतं, नंबर नव्हता. पाकिटावरचा पत्ता तेवढा आहे.

फुप्फुसाचं फेब्रुवारीतच कळलं होतं. तुम्हाला लिहायचं नाही असं बजावलं होतं. म्हणाले, "प्रकाशला कळलं तर तो माझ्यासाठी येईल. त्यानं वैदेहीसाठी यायला हवं." पेन बरं नाही, हाताला मुंग्या, सगळं खोटं. मी लिहून घेतलं तेव्हाही एकेका ओळीला दम लागत होता. चार नंबरपर्यंत यायला दोन दिवस लागले. आंब्याचं मात्र हसत सांगितलं.

आता रागानं लिहिते, माफ करा. तुम्हाला "रविवारी अकराला ऊन चांगलं असतं" लिहिलं, त्याच दिवशी वैदेहीला फोन करून सांगितलं होतं, तुझे बाबा येतील, तिथं जाऊन बस. ती म्हणाली, मीच डीमनला जाते. हे म्हणाले, नाही, त्याला येऊ दे. मे महिन्याचे चार रविवार आणि २ जूनचा एक, असे पाच रविवार ती तेजलला घेऊन त्या दगडांवर बसली. तेजलनं मला फोनवर मोडक्या मराठीत सांगितलं, "आजी, आई तीन कप नेते. एक वापरत नाही." पाचव्या वेळी पाऊस होता तरी गेल्या.

मी यांना म्हणत होते, अहो, सरळ लिहा की! तर म्हणाले, "उत्तर सांगून टाकलं तर मुलगा शिकत नाही." तुम्ही दोघं जन्मभर मास्तरच राहिलात. एकानं सूचक प्रश्न घालायचा, दुसऱ्यानं पुस्तकातल्याच ओळीत उत्तर शोधायचं. त्यात माझ्या सुनेचे पाच रविवार गेले.

तिघंही ४ तारखेच्या रात्रीच निघून आली. जलदान विधी झाला. तुमची दोन्ही पत्रं यांच्या उशीखाली होती, वैदेहीनं वाचली. पत्रिकेचं जिथं लिहिलंय तो कागद तिनं घडी करून स्वतःकडे ठेवला.

तिघं पुढच्या आठवड्यात परत जातील. राजानंद म्हणतो, आई, तुझा गेल्या वर्षीचा व्हिसा अजून चालतो, आमच्याबरोबर चल. मी नाही म्हटलं. यांच्या खोलीला कुलूप लावायला हात होत नाही.

शांता

*

डीमन,
२७ जून २०२४

शांतावहिनींस,
नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशी बसून आहे.

मी ९ तारखेला त्या दगडांवर बसलो होतो. चंदूला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते आणि मी त्याला मनातल्या मनात बोल लावत होतो, की कुणी का नाही इथं. परतल्यावर त्याला लांबलचक पत्रही लिहिलं. आता ते तुमच्या हाती पडलं असेल. त्यात जे आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नव्हता. ते पत्र वैदेहीच्या हाती लागलं असेल तर लागू दे. लपवू नका.

पाच रविवार, वहिनी. पाच. त्यातल्या दुसऱ्या रविवारी मी इथं खिडकीशी बसून पोरांना शिकवलेल्या कविता आठवत होतो आणि स्वतःवर खूश होतो, की अजून सगळ्या पाठ आहेत. तिसऱ्या रविवारी सुनीतीनं पुरणपोळी केली. पाऊस पडला त्या रविवारी मी म्हणालो, आज बाहेर पडण्यात अर्थ नाही.

परवा जेवताना मी "वैदेही" म्हटलं. नुसतं नाव. आशुतोषचा घास हातात राहिला. सुनीती म्हणाली, "बाबा?" मी पुन्हा म्हटलं. तो उठून गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाला, "आईच्या वेळी मी तुमचं ऐकायला नको होतं." मी म्हटलं, "हो. नको होतं." अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मला वाटतं, सात वर्षांत आम्ही पहिल्यांदा बोललो.

शनिवारी माझं विमान. वैदेही परतली असेल, पण आता तिच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? आधी तुमच्याकडे येतो. रविवारी दापोडीला येऊन पायरीवर बसतो. तुम्ही बोलू नका हवं तर. चंदूची खोली झाडून देईन. एवढं करू द्या. मग पुढच्या वर्षी, जमलं तर, आर्नहेमला

खालची बेल वाजतेय. आशुतोष-सुनीती ऑफिसात आहेत, मला कुणाचं काही येत नाही. पार्सलवाला असेल.

वहिनी, टेबलापाशीच भिंतीवर छोटा पडदा आहे, खाली कोण आलंय ते त्यात दिसतं. त्यात पांढरी साडी दिसतेय. वर स्वेटर. हातात मी चंदूला पाठवलेलं पाकीट, पत्त्याची बाजू वर करून धरलेलं. तुम्ही बटणाला तोंड लावून मोठ्यानं बोलताय, जसं काही मी दापोडीहून ऐकतोय: "भाऊजी, मी शांता. चप्पल घाला आणि खाली या. वैदेही गाडीत बसलीय. म्हणते, वर येणार नाही. पण गाडीचं दार तिनं उघडं ठेवलंय."